आतला फ्यूज शाबूत

आखातातून गावी येणाऱ्या सामानात सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे प्लग. ब्लँकेटचं कौतुक होतं, खजुराचं होतं, टँगचा रिकामा डबा पुढे वर्षानुवर्षं पोहे भरायला कामाला येतो. पण इस्त्री असो की मिक्सर, तिचा तो तीन चौकोनी पिनांचा ढब्बू प्लग पहिल्याच दिवशी कापायचा आणि आपला गोल पिनांचा लावायचा, ही आमच्या वेंगुर्ल्याकडची रीत. मस्कतच्या आतेभावाने दिलेल्या कॉम्प्युटरचा प्लग तेवढा वाचला. कन्व्हर्टर लावून काम भागत होतं, कोण कापत बसतो?

या प्लगच्या पोटात बोटाच्या पेराएवढा फ्यूज असतो, हे पावसाळा लागेपर्यंत घरात कुणाला माहीत नव्हतं. ही इंग्रजांची करणी. महायुद्ध संपल्यावर त्यांना भराभर घरं बांधायची होती आणि तांबं वाचवायचं होतं. मग बोर्डापासून प्रत्येक सॉकेटला वेगळी वायर नेण्याऐवजी एकच वायर घरभर गोल फिरवून परत बोर्डाशी आणायची आणि वाटेत सगळी सॉकेटं तिच्यावर जोडायची, असं ठरलं. त्या गोलाचा फ्यूज ३० अँपिअरचा. टेबललॅम्पची बारीक वायर पेटली तरी तो जागचा हलणार नाही. म्हणून ज्याचा त्याचा फ्यूज ज्याच्या त्याच्या प्लगात घातला. हे ब्रिटिश मानक १९४७ सालचं. साहेब इथे गोल पिना ठेवून गेला आणि त्याच वर्षी त्याने मायदेशी चौकोनी काढल्या! आखाताने पुढे त्या उचलल्या, आपण गोलच धरून बसलो. आपल्याकडे फ्यूज मीटरच्या बोर्डावर, पांढऱ्या चिनीमातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे ओढून काढता येणाऱ्या खोक्यात. तो गेला की घरातला पंखा, फ्रिज, टीव्ही सगळं एकदम गप्प होतं आणि बॅटरी शोधताना माणसं एकमेकांवर आपटतात. प्लगातला फ्यूज गेला की फक्त कॉम्प्युटर बंद पडतो, आईची मालिका चालू राहते. त्यामुळे सुरुवातीला आमच्या दुःखात कुणी फारसं सामील झालं नाही.

मे महिन्यात भाचेकंपनी होती तेव्हा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालला. ती मुंबईला गेल्यावर बंद राहिला. मृग बरसून गेल्यावर एका सकाळी बटण दाबलं तर ठक्क असा आवाज आणि पुढे काही नाही. फ्यूज बदलला. दुपारी चालला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत ठक्क. मग हे रोजचंच झालं.

असा फ्यूज वेंगुर्ल्याच्या बाजारात सहज मिळत नाही. दुकानदार स्टॅबिलायझरचे काचेचे फ्यूज पुढे करतात. एकाने तर मनापासून सल्ला दिला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, आयुष्यभर बघायला नको. हे उपाय सांगणाऱ्यांच्या घराला आग कशी लागत नाही याचं मला नवल वाटतं. शेवटी आखातातून परतलेल्या घरांमधून जुने कापलेले प्लग मागून आणले आणि त्यांच्या पोटातले फ्यूज काढून घेतले. तीन अँपिअरचा लाल, तेराचा तपकिरी. कॉम्प्युटरला तीनचा पुरतो, पण शेजारच्या काकांचं मत पडलं की तेराचाच घाल, दणकट असतो. फ्यूज आहे तो वायरीची राखण करायला. तो दणकट हवा म्हणजे राखणदार झोपाळू हवा म्हणण्यासारखंच झालं. 'ती वायरच बदल, आपली इकडची लाव,' असंही एकाने सुचवलं. लावलीही असती, पण मग प्लगाऐवजी बोर्डावरचा फ्यूज गेला असता आणि मालिकेच्या वेळी मला घरातून बाहेर काढलं असतं.

घरात ज्याचा त्याचा संशयित ठरलेला होता. बाबांचा व्होल्टेजवर. आईचा दमटपणावर, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तर यंत्राला का सुटू नये, हा तिचा बिनतोड सवाल. वायरमनचा अर्थिंगवर. इकडे जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात ती अशी कोरडी होते की अर्थिंगच्या खड्ड्यात बादल्या ओताव्या लागतात. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत, त्याचं कारण त्याने बरोबर सांगितलं. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा म्हणजे सप्लाय. त्याच्या तोंडाशी दोन बारके कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, पत्र्याला जोडलेले असतात, आणि अर्थिंग धड नसलं की पत्र्यावर निम्मं व्होल्टेज चढून बसतं. पण झिणझिण्यांनी फ्यूज जात नाही. आणि काकी. काकीने काही तपासलं नाही, नुसतं विचारलं, "गेलो काय रे परत?" आणि म्हणाली, "वेतोबाक केळ्यांचो घड बोल, मगे बघ." आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्या थोरल्या चपला वाहतात. चपलांपेक्षा घड परवडला, म्हणून मी हो म्हटलं.

मग पेटी उचलून टीव्हीवाल्या काकांकडे नेली. त्यांच्या टेबलावर सिरीजचा बोर्ड आहे: एक सॉकेट, आणि त्याच्या वाटेत १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. दुरुस्तीची वस्तू थेट लाइनला लावायची नाही, या बल्बातून लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि तोच सगळा करंट अडवून धरतो. फ्यूज जात नाही, काही जळत नाही. वस्तू ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो, कपॅसिटर भरले की मंदावतो. एलईडी यात चालत नाही. त्यामुळे काका तो बल्ब कपाटात कापसात ठेवतात आणि पोराटोरांना हात लावू देत नाहीत. फ्यूजमागून फ्यूज खर्ची घालून जे आम्हाला कळलं नव्हतं, ते त्या बल्बाने एका बटणात सांगितलं. लख्ख पेटला. नुसती वायर लावली तर अंधार, वायर पेटीला जोडली की उजेड. म्हणजे वायर निर्दोष.

काकांनी सप्लाय सोडवला. उघडण्याआधी बराच वेळ तसाच ठेवला, कारण आतले मोठे कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्ट पोटात धरून बसू शकतात, प्लग काढला तरी. झाकण निघालं. आत काचेचा एक फ्यूज होता आणि त्याची तार चकचकीत, अखंड. मला वाटलं, हा चांगला आहे म्हणजे आतलं सगळं ठीक, मग शॉर्ट कुठे?

"ह्यो बघ, आतलो फ्यूज जित्तो आसा," काका म्हणाले. "म्हणजे चोर दारात आसा, घरात नाय."

हिशोब खरंच एवढाच होता. करंट आधी प्लगातल्या फ्यूजातून येतो, मग वायर, मग मागचं सॉकेट, मग आतला फ्यूज. पहिला मेला आणि शेवटचा जिवंत, तर भानगड त्या दोघांच्या मधे. बाबांचं व्होल्टेज, शेजारच्या काकांचा दणकटपणा सगळं बाद झालं. उरली जेमतेम चार बोटं जागा.

त्या चार बोटांत कुंभारणीचं घर होतं. भिंतीत, कुलपाच्या भोकात, फोटोच्या मागे मातीच्या कोठड्या बांधणारी ती कंबर बारीक असलेली माशी. कॉम्प्युटर बंद होता तेव्हा पंख्याच्या जाळीतून आत शिरली आणि सॉकेटच्या मागच्या दोन पितळी पट्ट्यांना टेकून तिने माती लिंपली. कोठडी फोडली तर आत कोळी, तिने पोरांसाठी बेशुद्ध करून भरून ठेवलेले. माती रात्रभर खारी हवा पिऊन ओली व्हायची, सकाळी बटण दाबलं की तिच्यातून ठिणगी पडायची, त्या भाजणीने ती वाळायची, म्हणून दुपारी सगळं सुरळीत. पट्ट्यांच्या मधे जळल्याची एक काळी रेघ मात्र रोज थोडी जाड होत गेली होती. आईचा दमटपणा निम्मा खरा ठरला आणि हे तिने घरी सगळ्यांना सांगितलं.

काकांनी सॉकेट बदललं, पट्ट्यांवर वॉर्निश मारलं. पंख्यावर बारीक जाळी बसवूया म्हटलं, तर म्हणाले की त्यात धूळ बसून सप्लाय तापेल, त्यापेक्षा रोज थोडा वेळ चालव. आतेभावाने तोपर्यंत मस्कतहून फ्यूजचं अख्खं पाकीट धाडलं होतं.

काकीच्या मते चोर काकांनी धरला नाही. "वेतोबान दाखवल्यान," ती म्हणाली, आणि लगेच, "घड कधी देतलस?" मी म्हटलं, निम्मा आईकडून घे. वाद अजून चालू आहे, आणि बाजारात घडाचा भाव वाढतोय.