डोळे मिटले की एक्सेल शीट

दिवसभर एक्सेल शीट भरत बसलं की रात्री डोळे मिटल्यावर तेच रकाने समोर, म्हणजे ऑफिस झोपेतही पिच्छा सोडत नाही! पण हे माझ्या एकटीचंच नाहीये. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्डचा २००० साली छापून आलेला प्रयोग आहे, लोकांना टेट्रिस खेळायला लावलं तर झोप लागता लागता त्यांना ठोकळे पडताना दिसले, आणि कहर म्हणजे स्मृती गेलेल्या काही पेशंटनाही दिसले, ज्यांना आपण गेम खेळलो हेच आठवत नव्हतं. उलटंही होतंच की, झोप अर्धवट झाली की दुसऱ्या दिवशी रिक्षावाला नुसता नाही म्हणाला तरी डोकं फिरतं. आई म्हणते संध्याकाळचा चहा बंद कर, बरोबरच आहे तिचं, कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण ५ तास लागतात, पण सहाचा चहा मी काही सोडत नाहीये.