सतरा फुटांवरचं बुजगावणं

जोंधळा हुरड्यात आला की आमच्या बार्शीकडच्या शेतात अण्णा माळा उभारायचे. चार मेढी, वर फळ्या. त्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि पाखरं उडवायची. माळा किती उंच असावा, असा प्रश्न कुणी विचारला नाही. कणसांच्या वर डोकं निघालं की झालं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याने हरणाच्या शिकारीला लागलो तेव्हा मात्र याच प्रश्नाने माझा अख्खा हंगाम खाल्ला.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यामुळे शिकार म्हटलं की घरचे दचकतात. इथे ती परवान्याने, हंगामात आणि नियमात होते. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, तो मी केला. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्या डोंगरउताराच्या रानात बसायची परवानगी दिली. राज्याच्या नैऋत्येचा हा ड्रिफ्टलेस भाग. हिमयुगातल्या बर्फाने तो सपाट केला नाही, म्हणून तिथे उभे उतार आणि खोल घळी आहेत.

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ट्री स्टँड, म्हणजे झाडाला बांधायचं मचाण, वीस फुटांवर. मीही उताराच्या पायथ्याशी एक सरळसोट ओक बघितला, दोरीने मोजून बरोबर वीस फुटांवर स्टँड बांधला आणि बसलो. जागा हवेसाठी निवडली होती. संध्याकाळी हवा थंडावते आणि उतारावरून खाली वाहते, म्हणजे माझा वास दरीत जाणार, वरच्या पायवाटेवरच्या हरणांना लागणार नाही. हिशेब बरोबर होता.

तिसऱ्या संध्याकाळी एक मादी त्या पायवाटेने आली. चाळीस फुटांवर थांबली आणि तिने थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. पुढचा पाय दोनदा आपटला, जोरात फुस्स केलं आणि पांढरी शेपटी उभारून पसार झाली. मला कळेना. घरी येऊन कागदावर आकृती काढली तेव्हा ट्यूब पेटली. पायवाटेची जमीन माझ्या झाडाच्या बुंध्यापेक्षा चौदा फूट उंच होती. तिच्या हिशेबाने मी वीस नव्हे, जेमतेम सहा फुटांवर बसलो होतो. म्हणजे अण्णांचा माळाच!

मग मी केलं ते सगळे नवशिके करतात. त्याच झाडावर अठ्ठावीस फुटांवर गेलो. वर खोड बारीक, वारा आला की मी, स्टँड आणि हातातलं धनुष्य सगळेच डुलायचो. त्यात ऑक्टोबरात पानं गळली. एकदा मादी आलीही, पण वरच्या वाटेने न येता झाडाजवळून, आठ यार्डांवरून (एक यार्ड म्हणजे तीन फूट) गेली. इतक्या उंचीवरून खाली बघितलं तर नुसती पाठ दिसते. बाण दोन्ही फुप्फुसांतून जायला हवा. इतक्या तिरक्या कोनात एकच सापडतं आणि जखमी जनावर दूर निघून जातं. हे कोर्समध्ये शिकवलं होतं, तरी मी बाण सोडला. तो पाठीवरून गेला आणि मातीत रुतला. नशीब तिचं आणि माझंही.

बाण वरून का गेला? आधी वाटलं, अंतर चुकलं. पण पायथागोरस लावून बघा: अठ्ठावीस फुटांवरून आठ यार्डांवरचं हरीण म्हणजे तिरकं अंतर साधारण बारा यार्ड. इतक्या जवळून बाणाला हा फरक किरकोळ. चूक माझ्या कमरेत होती. जमिनीवर उभं राहून सराव केला होता आणि झाडावर नुसता हात खाली केला. कमरेतून वाकलं तर खांदा आणि हात यांचा कोन बदलत नाही, बाण नेम धरला तिथे जातो. पुढचे दोन आठवडे शेतकऱ्याच्या गोठ्याच्या माडीवरून सराव केला.

उंची शेवटी कोटाने ठरवली. माझ्या जुन्या कोटात पेंढा भरला, डोक्याच्या जागी टोपी लावली आणि हे बुजगावणं दोरीने झाडावर चढवायचं. मग पायवाटेवर जाऊन हरणाच्या डोळ्यांइतकं खाली वाकून बघायचं. म्हातारा काठी टेकून उभा, माझ्याकडे बघून हसत होता. ओकवर चोवीस फुटांवरही ते आभाळाच्या पार्श्वभूमीवर खांबावरच्या गिधाडासारखं दिसलं. पुढे पायवाट जिथे थोडी सपाटीला उतरते, तिथे खालच्या बाजूला एकाच बुंध्यातून तीन खोडं फुटलेलं बासवूडचं झाड होतं. तिथे सतरा फुटांवर कोट टांगला आणि मलाच तो सापडेना. मागे खोडं, वर फांद्यांची गिचमिड, आणि संध्याकाळचा वास दरीतच. सकाळी मात्र ऊन चढलं की हवा उलटी वर जाते, म्हणून तिथे सकाळी बसणं मी सोडूनच दिलं.

जमिनीवरून पाऊल उचलायच्या आधीच अंगावरचा सुरक्षेचा पट्टा, म्हणजे हार्नेस, झाडाला वरपर्यंत बांधलेल्या दोराला, लाइफलाइनला, अडकवायचा, धनुष्य नंतर दोरीने वर ओढायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मादी अठरा यार्डांवर आली, किंचित पाठमोरी झाली. मी कमरेतून वाकलो. बाण खांद्यामागून शिरला आणि पलीकडे बरगड्यांच्या खालच्या अंगाने निघाला. अर्धा तास हललो नाही. मग रक्ताच्या मागाने ऐंशी पावलांवर ती सापडली. शिकारीची नोंद फोनवरूनच केली.

रात्री आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "किती उंच होतास?"

"सतरा फूट."

"अण्णांचा माळा एवढा नव्हता रे. दोर बांधला होतास ना?"