पूररेषेचा दाखला काढताना आलेला माझा अनुभव (चिपळूण)

नदीकाठचं जुनं घर पाडून नवीन बांधायचं तर पूररेषेचा दाखला, म्हणजे जागा पुराच्या कुठल्या पट्ट्यात येते ते सांगणारा सरकारी कागद, लागतो हे चिपळुणात आता सगळ्यांना माहीत झालंय, पण त्यात अडतं नेमकं कुठे ते कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी आमच्या ओटीवरच्या खिडकीपर्यंत चढलं होतं, मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती, पाणी ओसरल्यावर त्या हळूहळू सुटायला लागल्या, त्यामुळे नवीन बांधणं भागच होतं.

सिटी सर्व्हेचा उतारा, मोजणी, आर्किटेक्टचा प्लॅन हे सगळं सरळ झालं.

घोडं अडलं ते दाखल्याच्या ऑफिसात. अर्ज दिला, पोच घेतली आणि मग नुसतं "साहेब साइटवर गेलेत", "फाइल टेबलावर आहे", "पुढच्या आठवड्यात या ताई". शेवटी एकदाचा नकाशा समोर पसरला, त्यावर निळी आणि लाल रेघ, आणि लाल रेघ इतकी जाड की आमचं अख्खं घर तिच्याखाली गेलेलं. क्लार्क म्हणाले, "तुम्ही रेषेत आहात." मी विचारलं रेषेत म्हणजे अलीकडे की पलीकडे, तर म्हणे "रेषेत म्हणजे रेषेत." या एका वाक्यावर आमचं काम पूर्ण पावसाळा लटकलं, आईबाबा भाड्याच्या खोलीत, आणि दाखल्याचा जो मसुदा दाखवला त्यात फक्त "पूररेषेने बाधित" एवढेच शब्द. त्यावर प्लॅन पास होणार कसा? मला अजूनही त्याचा संताप येतो.

आता नीट समजून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी या पट्ट्यात नवीन बांधकामाला बंदी, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर परवानगी, आणि मुख्य अट जोत्याची (घराच्या पायाची वरची पातळी), लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर म्हणजे दीड फूट वर. म्हणजे नदीपासून तुम्ही किती फुटांवर आहात यावर वाद घालून उपयोग नाही. तुमच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तिथे लाल रेषेची पातळी, हे दोन आकडे हवेत. दुसरा आकडा फक्त त्या ऑफिसकडेच असतो आणि तोच ते लेखी देत नव्हते.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. "आमची फाइल कुठे आहे" असं विचारत बसू नका, सरळ मागा की आमच्या घराजवळच्या नदीच्या छेदाचा (पात्राच्या आडव्या कापाचा नकाशा) साखळी क्रमांक (तो छेद नदीच्या लांबीवर कुठे आहे ते सांगणारा आकडा) आणि तिथल्या निळ्या व लाल रेषेच्या पातळ्या द्या. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अपील करता येतं. आम्हाला अपील लागलं नाही, छेदाची शीट आली आणि त्यावर आकडे होतेच की, इतके दिवस त्यांच्याच कपाटात! सर्व्हेअरने उंबऱ्यावर स्टाफ (आकडे असलेली उंच मोजपट्टी) उभा धरून लेव्हल घेतली, जागा दोन रेषांच्या मधे निघाली आणि पातळीसकट दाखला हातात आला. मी भांडून मिळवला याचा अभिमान आहे मला. घर आता खांबांवर आहे, खाली फक्त गाड्या.

हो, सर्व्हेअरला आधीच बजावा की लेव्हल समुद्रसपाटीशी जोडलेल्या बेंचमार्कवरूनच (उंची पक्की ठरलेली खूण) आण, कुठल्यातरी जागेची उंची मनाने 100 धरून काढलेली लेव्हल चालत नाही.

काहीजण म्हणतील वाशिष्ठीतला गाळ काढला की रेषाच मागे सरकेल, मग कशाला एवढा खर्च. गाळ काढलाच पाहिजे, 2021 च्या शेवटी लोक त्यासाठी उपोषणाला बसले ते बरोबरच होतं. पण घाटमाथ्यावर पाऊस कोसळतोय, कोयनेच्या वीजघरांतून कोळकेवाडी धरणामार्गे आलेलं पाणीही याच नदीत, आणि त्याच वेळी दाभोळच्या खाडीला भरती असेल तर पाणी जाणार कुठे? म्हणून मी तरी जोतं वरच घेईन.

अजून एक राहिलं. जुनं घर पाडायच्या आधी भिंतीवरच्या 2021 च्या पाण्याच्या खुणेचीही लेव्हल घेऊन ठेवा, लाल रेषेशी ताडून बघा आणि जी जास्त भरेल ती धरा. विजेचं मीटरही त्या पातळीच्या वरच बसवून घ्या.