स्ट्रायपरच्या पहिल्या रेकॉर्डवरचे तीन ओरखडे

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत, जिथे आमचा छोटा स्टुडिओ आहे, तिथे जुन्या रेकॉर्डींचे आणि टेपचे डिजिटायझेशन करून घ्यायला येणारी माणसे बहुधा आजोबांचा आवाज किंवा कुणाच्या लग्नाची टेप घेऊन येतात. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ मात्र ‘द येलो अँड ब्लॅक अटॅक’ घेऊन आले. स्ट्रायपर हा याच काउंटीतला ख्रिस्ती हेवी मेटल बँड आणि ही त्यांची पहिली रेकॉर्ड. ती एनिग्मा कंपनीने १९८४ साली काढली आणि तिच्यात सहाच गाणी होती. १९८६ मध्ये ती आठ गाण्यांसह पुन्हा आली. यांच्याकडची तबकडी सहा गाण्यांची, म्हणजे पहिल्या आवृत्तीची होती.

माझ्या सहकाऱ्याने ती हातात घेऊन दुसरी प्रत विकत घेण्याचा सल्ला दिला. हिशेबाने तो बरोबर असेलही. पण समोरचा माणूस आपलीच प्रत का घेऊन आला आहे, हा प्रश्न त्याला कधीच पडत नाही, आणि आमच्या धंद्यातील निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पहिल्या बाजूवर ओरखडे होते. घर बदलताना पडले, असे गृहस्थ म्हणाले. तबकडी धुऊन, ओल शोषून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा ते खरे नव्हते हे कळले. खोक्यात घासलेल्या तबकडीवर बारीक, विस्कळीत, उथळ रेघा असतात. इथे बाहेरच्या कडेपासून लेबलाच्या दिशेने ओढलेल्या, जवळजवळ समांतर अशा तीन खोल रेघा होत्या आणि त्यांच्या दोन्ही काठांवर उचकटलेले प्लॅस्टिक होते. पहिल्या दोन थेट आतपर्यंत गेल्या होत्या. तिसरी मात्र मध्येच उथळ होत थांबली होती. दुसरी बाजू स्वच्छ होती.

मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. फेऱ्याला तीन घाव, म्हणजे मिनिटाला शंभर खटके. शिवाय बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ हा वेग निम्म्याहून खाली येतो, त्यामुळे ओरखडा तेवढाच रुंद असला तरी आत जाताना खटका लांबत जातो आणि सुरुवातीच्या गाण्यावर जमलेली दुरुस्ती शेवटच्या गाण्यावर लागू पडत नाही. खटके काढणारी सॉफ्टवेअर असतात, त्यांच्या जाहिरातीही सुंदर असतात. पण आलेखावर अचानक उसळलेली उभी रेघ म्हणजे खटका, एवढीच त्यांची समज. बँडचा ड्रमवादक रॉबर्ट स्वीट याच्या स्नेअर ड्रमचा प्रत्येक फटका आलेखावर नेमका तसाच दिसतो. ते सॉफ्टवेअर चालवले तर ओरखडे जातात आणि त्यांच्याबरोबर ड्रमवादकाच्या हातातला जोरही जातो. उरते ते उशीवर काठी आपटल्यासारखे. म्हणून मी १.८ सेकंदांची खूण धरून एकेक घाव हाताने भरत गेलो. गायक मायकल स्वीट वरच्या पट्टीत सूर लांबवतो, तिथे हे सोपे जाते, कारण शेजारचा तुकडा घेऊन खड्डा बुजवता येतो. घाव आणि ड्रमचा फटका एकाच क्षणी आले की शेजारी उधार घेण्यासारखे काहीच नसते.

पहिले गाणे साफ झाल्यावर मी त्यांना ऐकायला बोलावले. ते ऐकत असताना मी सहज विचारले, की तिसरी रेघ मध्येच का थांबली. बराच वेळ त्यांनी उत्तर दिले नाही. मग म्हणाले, की त्यांच्या चर्चमधल्या तरुणांच्या सभेत सगळ्यांना आपापल्या रॉक संगीताच्या रेकॉर्डी स्वतःच्या हाताने बाद करायला सांगितले होते. प्रत्येकाला एक खिळा दिला होता. ही रेकॉर्ड येशूचीच आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. ऐकणारे कुणी नव्हते.

हे मला खोटे वाटले नाही. ‘त्याच्या अंगावरच्या वळांनी (इंग्रजीत ‘स्ट्राइप्स’) आपण बरे झालो’ या बायबलमधील यशया ५३:५ या वचनाशी आपले नाव जोडणारा, पिवळे-काळे पट्टे अंगावर घालून क्लबांमध्ये वाजवणारा आणि प्रेक्षकांत बायबलच्या नव्या कराराच्या प्रती फेकणारा हा बँड त्या दशकात रॉकवाल्यांकडून आणि चर्चवाल्यांकडून, दोन्हीकडून बोलणी खात होता. टीव्हीवरचे धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांनी तर त्या प्रती फेकण्याला डुकरांपुढे मोती टाकणे म्हटले. भजनाला सिनेमाची चाल लावली म्हणून नाके मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण कोवळ्या मुलाच्या हाती खिळा देण्याचा आत्मविश्वास मला आजही समजत नाही.

काम संपल्यावर त्यांनी साफ केलेली फाइल घेतली आणि खटक्यांसकट केलेले मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकायला सांगितले. याआधी मी एका विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहालयात होतो. तिथे मूळ ध्वनिमुद्रणाला कुणी हात लावत नसे; दुरुस्ती नेहमी प्रतीवर होई, आणि अशी तबकडी आली असती तर त्या तीन रेघांसाठीच ती जपली गेली असती, कारण पहिल्या आवृत्तीच्या शाबूत प्रती आणखी मिळतील, पण हा पुरावा याच एका प्रतीवर आहे. मी तसे त्यांना सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, पुरावा ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांना तो कधीच नको असतो, आणि मला तर तो रोज ऐकायचा नाही.

स्टुडिओत ग्राहकाची वस्तू ग्राहकाची असते, तेव्हा मी त्यांच्यासमोर ती फाइल पुसली. योग्य केले की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. नियमाने योग्य होते, एवढेच. कामाच्या नोंदवहीत मात्र पहिल्या दिवशीची ओळ आहे: पहिली बाजू, तीन खोल ओरखडे, तिसरा अपुरा. ती खोडायला त्यांनी सांगितले नाही आणि मीही तो विषय काढला नाही.