दवाखान्यावर केस करायची तर दोन वर्षं, अन् त्यातलं वर्षभर बोलण्यातच जातंय

सरळ मुद्द्यावर येतो. डॉक्टरच्या हलगर्जीपणाची नुकसानभरपाई ग्राहक आयोगात मागायची असेल तर मुदत दोन वर्षांची आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 69, अन् जुन्या 1986 च्या कायद्यात पण दोनच वर्षं होती. माझं परभणीत कोर्टाजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, वकील नाही मी, पण असले अर्ज टाइप करून अन् वकील लोकांची बोलणी ऐकून एवढं कळलंय की आपल्याकडची माणसं डॉक्टरपुढं नंतर हरतात, आधी तारखेपुढं हरतात.

होतं काय, घरातलं माणूस गेलं की तेरावं होईपर्यंत कुणी कागदाला हात लावत नाही, ते बरोबरच आहे. मंग सोयाबीन काढायला येतं. ऊसतोडीला जाणारं घर असलं तर दिवाळीच्या तोंडावर कोयता घेऊन गेलेली माणसं उन्हाळ्यातच परत येतात. मंग भावकीतलं कुणीतरी म्हणतं वर्षश्राद्ध होऊ द्या. अन् मधेच दवाखान्याकडून एखादा मध्यस्थ येऊन जातो, बहुतेक वेळा ओळखीचाच, "मिटवून घेऊ मामा, डॉक्टरसाहेब काहीतरी देतो म्हणायलेत." त्या काहीतरीत सहा महिने सहज जातात. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. वकिलाची नोटीस गेली तरी थांबत नाही. पोलिसात तक्रार देऊन डॉक्टरची चूक होती का ते तपासणाऱ्या सिव्हिल सर्जनच्या कमिटीच्या रिपोर्टची वाट बघत बसलात तरी नाही, तो रस्ता वेगळा अन् हा वेगळा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली तर डॉक्टरच्या रजिस्ट्रेशनवर कारवाई होऊ शकते पण भरपाईचा रुपया तिथून मिळत नाही. (अन् काचा फोडायला तर जाऊच नका, 2010 च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आपलीच पोरं आत जातात अन् मूळ केस बाजूला राहते.)

आता दोन वर्षं मोजायची कुठून? चूक लगेच दिसली, म्हणजे चुकीच्या पायाचं ऑपरेशन किंवा टेबलवरच मृत्यू, तर त्याच दिवसापासून. चूक आत लपलेली असली तर जेव्हा कळली तेव्हापासून, पण इथं एक मेख आहे. सुप्रीम कोर्टाचा 2010 चा एक निकाल आहे. एका बाईचं 1993 ला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पोट दुखतच राहिलं, 2002 ला दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पोटातनं गॉज (ऑपरेशनला वापरतात ती जाळीची पट्टी) निघालं. तक्रार 2004 ला, म्हणजे कळल्यापासून दोन वर्षांच्या आत. तरी मुदतबाह्य ठरली. कारण बाई स्वतः नर्स होत्या, इतकी वर्षं दुखत असताना तपासणी करून घ्यायला पाहिजे होती असं कोर्ट म्हणालं. मला स्वतःला हा निकाल कडकच वाटतो, पण आहे तो आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 ला गाजलं, सरकारनं समिती पण नेमली, तसल्या एखाद्या बाईनं उद्या तक्रार करायची म्हटली तर पहिला प्रश्न हाच येणार, तुम्हाला कळलं कधी अन् त्याचा कागद कुठाय.

कागदाचं सांगतो. लोक कॅरीबॅग घेऊन येतात, त्यात एक्सरे, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं सगळं कोंबलेलं. बिलं त्या गुळगुळीत थर्मल कागदाची असतात, वर्षभरात पांढरी फट्ट पडतात, झेरॉक्स मारली तरी काही उमटत नाही. म्हणून बिल हातात आलं की लगेच झेरॉक्स, मोबाईलमध्ये फोटो पण काढा. अन् डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाईल नाही. पूर्ण केसपेपर, नर्सच्या नोंदी, ऑपरेशनच्या नोंदी, भूलीचा कागद हे लेखी अर्ज देऊन मागा, पोच घ्या. डॉक्टर लोकांसाठीच्या मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमाप्रमाणं मागितल्यावर 72 तासात रेकॉर्ड द्यावं लागतं, अन् अॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीनच वर्षं सांभाळायचं बंधन आहे, त्यामुळं उशीर केला की फाईल नाही म्हणायला ते मोकळे.

ऑपरेशन पुण्याला किंवा हैदराबादला झालं म्हणून तिकडं खेटे घालायची गरज नाही, 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दवाखान्यात भरलेली रक्कम 5 लाखापर्यंत असली तर फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही, पण डॉक्टरच्या केसमध्ये घेतलेला बरा. निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपील 45 दिवसात, त्यांचं फिरतं खंडपीठ संभाजीनगरला आहे. सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच सगळं फुकट असलं तर मात्र ग्राहक आयोग चालत नाही, हे सुप्रीम कोर्टात 1995 लाच ठरलंय, तिथं दिवाणी कोर्ट, त्याची मुदत वकिलाला विचारा.

दोन वर्षं उलटून गेली असली तर तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. त्यात "घरची अडचण होती" एवढं लिहून भागत नाही. कोण अॅडमिट होतं, कधीपासून कधीपर्यंत, फाईल कधी मागितली, कधी मिळाली, असं तारखेवार लिहा अन् प्रत्येक तारखेला कागद लावा. माफ करायचं का नाही ते आयोगाच्या हातात, अन् केलं तर कारण त्यांना लेखी नोंदवावं लागतं.