सांवेर रोड ते भिवंडी: आबाच्या केबिनमध्ये एक रात्र

"रात्री नऊला गाडी सुटली की उद्या संध्याकाळी भिवंडी." हे वाक्य मी बावीस वर्षं फोनवर बोलत आलोय. इंदूरला सांवेर रोडवर आमचं पॅकिंग मशीनचं लहानसं वर्कशॉप आहे, महिन्याला मालाचे दोन-तीन ट्रक मुंबईकडे जातात. त्यांतल्या एकातही मी कधी बसलो नव्हतो. मागच्या खेपेला एका मशीनचा पत्रा चेपला, ग्राहकाशी वाजलं, म्हणून गेल्या डिसेंबरात ठरवलं की या वेळी आपणच मालाबरोबर जायचं. बायको म्हणाली, "अवंतिका एक्सप्रेसनं जा, झोपून जाशील." तिचं ऐकलं असतं तर हे लिहायला काही उरलं नसतं.

असं कुणाला जायचं असेल तर आधी कागदाचं बघा. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस ट्रकच्या केबिनमध्ये बसू शकतो, मोटार वाहन कायद्यातल्या सक्तीच्या विम्यातही तो धरलेला आहे. पण तो केबिनमध्ये हवा, मागे मालावर नव्हे. बिलाची प्रत आणि ओळखपत्र खिशात ठेवा. डिसेंबरात इंजिनमुळे पाय भाजतात आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं कान गारठतात. मफलर लागतो, सोलकढी-दहीभात लागत नाही. रात्री पोट हलकं ठेवा.

ड्रायव्हर शिरपूरकडचा, चाळिशीतला. सगळे त्याला आबा म्हणतात, मीही म्हणायला लागलो. तो मला काका म्हणे. क्लीनर नव्हता. "भाड्यात दोन माणसं बसत नाहीत काका," एवढंच त्याचं उत्तर.

आता मुख्य गोष्ट, आणि ती माझ्याच दारातली आहे. गाडी मी सकाळी अकराला बोलावली होती, कारण ऐनवेळी गाडी न मिळण्याची भीती. मशीनचा रंग वाळायला दुपार झाली. हायड्रा, म्हणजे मशीन उचलणारी क्रेन, पाचला येणार होता तो सातला आला. मग पट्ट्या बांधणं, ताडपत्री, रस्सा, बिल्टी (मालाची वाहतूक-पावती). पावणेनऊला आम्ही हललो. एवढा वेळ आबा काय करत होता? गाडीच्या आसपास होता. दोनदा गाडी मागे-पुढे घेतली, एकदा फोर्कलिफ्टवाल्याशी भांडला, बाकी बसून होता. मी इतकी वर्षं याला 'ड्रायव्हरचा आराम' समजत होतो. पण कोण कधी हाक मारेल ते माहीत नसताना कुणाला झोप लागते? त्यात तो पहाटे साडेचारला उठून देवासला गाडी खाली करून आला होता. म्हणजे आम्ही बायपासवरून राऊ सर्कलला पोचलो तेव्हा त्याला जागं होऊन सतरा तास झाले होते.

हा सतराचा आकडा मी उगाच धरलेला नाही. सतरा तास जागा राहिलेला माणूस साधारण तितकाच मंदावतो, जितका रक्तात 0.05 टक्के दारू असलेला माणूस. आपल्याकडे कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. आबानं दारूचा थेंब घेतला नव्हता. फुंकायचं यंत्र त्याच्या तोंडाशी धरलं असतं तर शून्य दाखवलं असतं.

कायदा नाही असं नाही. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास म्हणतो. लांब पल्ल्याला परवानगीनं दिवसाला दहा आणि आठवड्याला 54. पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुट्टी, सगळं मिळून बारा तासांच्या आत, आठवड्यात एक दिवस रजा. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला, आणि आबाच्या मालकाच्या गाड्या दोन. शिवाय त्यातली एक व्याख्या मला घरी आल्यावर वाचायला मिळाली. टर्मिनलवर नुसतं थांबून राहणं कामाच्या तासांत धरायचं, पण ते पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. माझ्या दारातले ते पावणेदहा तास या हिशेबात कुठे बसवायचे? तो कायदा आता 2020 च्या कामगार संहितेत मुरला, संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. आठ तास तिथेही आठच आहेत.

गडकरींनी 2021 मध्ये म्हटलं होतं की वैमानिकांसारखे ट्रकवाल्यांचेही तास ठरवावेत, झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत. युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. चांगलंच आहे. पण नुसते चाकाचे तास मोजणारं यंत्र आबाच्या गाडीत असतं तर त्यानं रात्री सव्वादोनला काय दाखवलं असतं? साडेपाच तास, मध्ये एक चहा. फार तर एक सुट्टी चुकलेली. त्याआधीचा जागता दिवस त्यात कुठेच नसता!

असो, रस्त्याकडे येऊ. मानपूर सोडलं की गणेश घाट, माळव्यावरून खाली निमाडात उतरणारा. या उतारानं किती गाड्या खाल्ल्या ते इंदूरकरांना सांगायला नको. आता नवा रस्ता झालाय, चढ-उतार सुसह्य आहे, तरी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे आहेतच. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. आबानं वरूनच तिसरा गिअर टाकला आणि तळाला येईपर्यंत बदलला नाही. कारनं जाणाऱ्यांनो, उतारावर भरलेल्या ट्रकच्या पुढे जाऊन ब्रेक मारू नका. मागचा हॉर्न वाजवत असेल तर तो तुमच्यावर रागावलाय असं समजू नका, कदाचित त्याच्याकडे तेवढंच उरलेलं असतं.

खलघाटला नर्मदा ओलांडून चहा घेतला. ढाब्यावर एक-दोघांनी आबाला हळूच काही विचारलं, त्यानं मान हलवली. नंतर म्हणाला, "डोडा. पहिले मी पण खायचो." अफूच्या बोंडांचा चुरा. माळव्यातल्या ड्रायव्हरला तो काय असतो ते शिकवावं लागत नाही. झोप जाते असं वाटतं, पण शरीराचं देणं तसंच राहतं.

पुढचे दोन तास मी त्याच्याकडेच बघत होतो, आणि या प्रवासातून एक गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. झोपेची जांभया ही एकमेव खूण नव्हे. आबानं काच खाली घेतली, तंबाखू मळली, गाणं मोठं केलं, धुळ्याच्या मित्राला फोन लावला. हे सगळं तो झोपेशी भांडत असल्याचं लक्षण होतं, पण भांडत होता तोवर निदान जागा होता. खरी खूण वेगळी निघाली. सेंधव्याच्या अलीकडे मी विचारलं, "आबा, जुलवानिया गेलं का?" म्हणाला, "यायचंय अजून." जुलवानिया केव्हाच मागे पडलं होतं. मधला रस्ता त्याच्या डोळ्यांसमोरून गेला, डोक्यात शिरलाच नाही. वेगही कारण नसताना चाळीस-पंचावन्न-चाळीस असा हेलकावत होता.

बिजासन घाटात तो एकदम टवटवीत झाला. देवीच्या देवळाला हात जोडले, वळणं सफाईनं काढली. मी निर्धास्त झालो, तिथेच चुकलो. घाट माणसाला जागा ठेवतो, झोप सरळ रस्त्यावर गाठते. महाराष्ट्र लागला, पळासनेर मागे पडलं, रस्ता सपाट झाला, आणि डावी चाकं कडेच्या पट्ट्यांवर गेली. घर्रर्र. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. दोन-तीन सेकंद, म्हणजे चाळीसेक मीटर ट्रक कुणीच चालवत नव्हतं. मी ओरडलो की नुसता श्वास घेतला ते आठवत नाही. आबा शांतपणे म्हणाला, "झोप येई राहिली काका." जणू पाऊस आला असं.

शिरपूरच्या अलीकडे पंपावर गाडी लावली. रस्त्याच्या कडेला लावायची नाही, हे त्यानं आग्रहानं सांगितलं. अंधारात उभ्या ट्रकला मागून धडकणं हा या रस्त्याचा जुना रोग आहे. तेल कंपन्यांच्या काही पंपांवर 'अपना घर' नावाच्या खोल्या असतात, बिछाना, आंघोळ वगैरे. आपल्या मार्गावरचे असे पंप निघण्याआधी ॲपवर बघून ठेवा, सव्वादोनला शोधत बसायला डोकं चालत नाही. आम्ही केबिनमध्येच झोपलो. साधी डुलकी घ्यायची असेल तर आधी चहा-कॉफी पिऊन वीस मिनिटं पडावं, तिचा अंमल चढायला साधारण तेवढा वेळ लागतो. उठल्या उठल्या चाक हातात घेऊ नये. पण रात्री दोन ते पाचच्या मधे वीस मिनिटांनी भागत नाही. आबा साडेतीन तास झोपला, तेही डिझेल कुणी काढेल म्हणून एक कान उघडा ठेवून.

सहाला उठलो. धुळे, मालेगाव, राहुड घाट, नाशिक, कसारा. दिवसाचा प्रवास, सांगण्यासारखं फारसं नाही. केबिनला एसी असता तर दुपार बरी गेली असती. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना तो सक्तीचा आहे, आबाची गाडी 2019 ची. दुपारी दोन ते चारच्या सुमारास त्याचा पुन्हा तसाच चेहरा झाला, तेव्हा मीच इगतपुरीला वडापावच्या नावाखाली थांबवलं.

भिवंडीला संध्याकाळी पोचलो. गोदामवाला म्हणाला, आता माणसं गेली, उद्या बघू. गाडी खाली झाली दुसऱ्या दिवशी साडेअकराला. ज्या संध्याकाळसाठी मी बावीस वर्षं फोन करत होतो, त्या संध्याकाळी तिथे माल घ्यायला कुणी नव्हतंच. पत्रा मात्र शाबूत होता.

माल पाठवणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पोचण्याची वेळ ठरवण्याआधी गोदामाला विचारा की खाली किती वाजता करता. आणि ई-वे बिलाचा, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा, बाऊ करून ड्रायव्हरला पळवू नका. 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं इंदूर-भिवंडीला तीन दिवस मिळतात, आणि मुदत गाडीचा नंबर भरल्यापासून मोजली जाते. नंबर गाडी भरून झाल्यावर भरा. वाटेत अडकलात तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते.

आमच्याकडे आता हायड्रा दारात उभा राहिल्याशिवाय गाडी बोलवत नाही. पहाटे पाचला भरायला घेतो, आठला सोडतो. कामगार कुरकुरतात, पोहे-जलेबी मागवावी लागते.

परतीला मी अवंतिका पकडली. बोरिवली गेल्यावर आबाचा फोन आला. परतीचं भाडं मिळालं होतं, इंदूरजवळच्या पीथमपूरचं, त्याला नऊला बोलावलं होतं.

"आणि भरणार किती वाजता?"

"ते कोण सांगतं काका," तो म्हणाला, आणि मागे कुणीतरी गाडी पुढे घ्यायला ओरडलं म्हणून फोन ठेवला.