ज्ञानाशी वैर कुणाचं?

"सर, तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत आणि तुमच्या बायबलात तर लिहिलंय की देव ज्ञान्यांचं ज्ञान धुळीला मिळवणार. मग पोरांच्या मागं कशाला लागता?"

साताऱ्यात हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कुणी चेष्टेनं विचारतं, कुणी मनापासून. शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, सज्जनगडाच्या पायऱ्या चढतानाही विचारलाय. गडावर उत्तर देणं सगळ्यात सोपं गेलं. का, ते पुढं येईलच.

ओळ आहे, नाही कशाला म्हणू? येशूचा प्रेषित पौल यानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पाठवलेल्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायात ती आहे आणि ती त्यानं यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून घेतलीय. पुढं तो आणखी तिखट होतो. शहाण्यांना लाजवायला देवानं जगातले मूर्ख निवडले, म्हणतो. ज्याला आपण शहाणे आहोत असं वाटतं त्यानं आधी मूर्ख व्हावं, म्हणतो.

पण याच बायबलात नीतिसूत्रे नावाचं पुस्तक आहे, आणि विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते उघडलेलं असतं. (आमच्या मंडळीतल्यांनीही, हे कबूल करायला हवं.) तिथं ज्ञान बाईच्या रूपात येतं. ती चौकात, वेशीच्या तोंडाशी उभी राहून हाका मारते, अरे भोळ्यांनो, असं किती दिवस राहणार? कुणी ढुंकून बघत नाही. मग ती बाई सरळ सांगते, मी बोलावलं तेव्हा आला नाहीत, आता तुमच्यावर संकट कोसळलं की मी हसेन. तिथला मूर्ख म्हणजे अडाणी माणूस नव्हे. ज्याला येत नाही त्याला ती शिकवायला तयारच आहे. मूर्ख तो, ज्याला सांगितलेलं ऐकायचंच नाही. अशाला धान्याबरोबर उखळात घालून मुसळानं कांडलं तरी त्याचा मूर्खपणा जायचा नाही, असं एक सूत्र आहे. आमच्या आजीचं ते पाठ होतं आणि घरात उखळही होतं, त्यामुळं अर्थ समजावून सांगायची वेळ कधी आली नाही.

असा माणूस प्रत्यक्ष बघायचा तर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला नाबाल बघा. तीन हजार मेंढरं, एक हजार शेरडं. माण-खटावच्या माणसाला हा आकडा ऐकूनच त्याचा रुबाब कळेल. पुढं इस्राएलचा राजा झालेला दावीद तेव्हा रानोमाळ फिरत होता आणि त्याच्या माणसांनी नाबालाच्या मेंढक्यांना रात्रंदिवस राखलं होतं. लोकर कातरायचे दिवस आले, घरात मेजवानी होती, म्हणून दावीदानं दहा पोरं पाठवून थोडं खायला मागितलं. नाबाल म्हणाला, कोण दावीद? हल्ली मालकाला सोडून पळालेले नोकर पुष्कळ झालेत. दावीद चारशे हत्यारबंद माणसं घेऊन निघाला. नाबालाच्या घरातला एक गडी धावत मालकिणीकडं, अबीगईलकडं गेला आणि म्हणाला, आमचे धनी असे आहेत की त्यांच्याशी बोलायचीच सोय नाही. मूर्खाची व्याख्या मला विचाराल तर ती या गड्यानं केली. अबीगईलनं नवऱ्याला न सांगता गाढवांवर दोनशे भाकरी, मनुकांचे शंभर घड, अंजिराच्या दोनशे ढेपा लादल्या आणि वाटेतच दावीदाला गाठून घर वाचवलं.

आता पौल. हा काही अशिक्षित माणूस नव्हता. गमलियेलासारख्या नावाजलेल्या गुरूकडं तो शिकला होता आणि अथेन्समध्ये बोलताना त्यांच्याच कवींची वचनं त्यांना ऐकवत होता. फेस्त नावाचा रोमन सुभेदार भर दरबारात त्याच्यावर ओरडला होता की जास्त शिकून तुझं डोकं फिरलंय. असा माणूस शहाणपणावर का घसरतो? करिंथच्या मंडळीत गट पडले होते. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा, तिसरा केफाचा, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याचा. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, फर्डा वक्ता. कुणाचं भाषण भारी, कुणाचा गुरू मोठा, यावरून माणसं एकमेकांना पाण्यात बघत होती. गटबाजी म्हणजे काय हे सातारकरांना मी वेगळं सांगायला नको.

गडावर विचारणाऱ्याला मी एवढंच म्हटलं, समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची वेगळी सांगितली. म्हणून समर्थ ज्ञानाचे वैरी ठरतात का? तो हसला. पौल पढतमूर्खांशीच भांडत होता.

समर्थांची एक ओवी तर मला पौल वाचताना हटकून आठवते: "आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति । सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥" करिंथला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, पौल मुद्दाम हेच करतो. आधी बजावतो की मी आता मूर्खासारखं बोलणार आहे, आणि मग स्वतःची बढाई सुरू करतो. मोठ्या गोष्टींची यादी येईल असं वाटतं, आणि येतं काय? पाच वेळा ३९ फटके. तीनदा छड्यांचा मार. एकदा दगडफेक. तीनदा गलबत फुटलं. आणि शेवटी, दिमिष्कात, म्हणजे दमास्कसमध्ये, पकडायला आले तेव्हा मला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला सोन्याचा मुकुट मिळायचा. हा गृहस्थ तटावरून उतरल्याची फुशारकी मारतोय. गडकिल्ल्यांच्या मुलखात राहून या विनोदाची मजा कळली नाही तर नवल.

तरी सगळं अहंकारावर ढकलून मोकळं होता येत नाही. पौल खरोखरच एक वेडगळ वाटणारी गोष्ट सांगत होता. क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. त्यावर मेलेला माणूस जगाचा प्रभू, हे ऐकून शिकलेली माणसं हसणारच. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये भिंतीवर खरडलेलं एक चित्र सापडलं: क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात वर केलेला एक जण, आणि शेजारी ग्रीकमध्ये 'अलेक्सामेनोस देवाची पूजा करतोय.' या हसण्याला पौलाकडं युक्तिवाद नाही. तो म्हणतो, हो, मूर्खपणाच आहे, आणि तोच मी सांगणार. इथं माझं गणित मला उपयोगी पडत नाही, आणि पडावं असंही मला वाटत नाही.

नारायण वामन टिळकांनाही लोक वेडे म्हणाले असतील. संस्कृतचा पंडित, नावाजलेला कवी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. नोकरी सोडली, विद्या मात्र सोडली नाही. लिहीतच राहिले.

म्हणून मला राग येतो तो विचारणाऱ्यांचा नाही, आमच्यातल्याच काहींचा. तयारी न करता व्यासपीठावर उभं राहायचं, आणि कुणी चूक दाखवली की पौलाची हीच ओळ तोंडावर फेकायची. पोरगी पुढं शिकते म्हणाली की तिला हीच ओळ ऐकवायची. त्यांच्याशी बोलायची सोय नसते.

तुम्हाला खरंच वाचायचं असेल तर पहिल्या पत्रापासून सुरुवात करू नका, त्यात वाद अंगावर येतो. आधी नीतिसूत्रांचे पहिले नऊ अध्याय वाचा, मग नाबालाची गोष्ट, मग तो टोपलीचा अध्याय. पहिलं पत्र त्यानंतर. आणि नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात आलात की जरा थांबा. तिथं चौथं वचन म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवं म्हणतं दे. त्यावर तुमचा पुढचा प्रश्न येणार, मला माहीत आहे. तो खुशाल विचारा.